पाळीच्या यादीतलं एक नाव

फी, तुम्हाला मातीत ठेवून आज पाच दिवस झाले. चर्चमध्ये भाषणं झाली. तुम्ही कुठल्या समितीवर होतात, कुठल्या वाटाघाटींना गेलात, निर्वासितांच्या छावणीत शाळा कशी उभी केलीत, सगळं क्रमानं सांगून झालं. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही बाई मला कधी भेटलीच नाही. मला भेटलेली बाई वर्गात उशिरा यायची, पानाचा तोबरा भरून मागच्या खुर्चीत बसायची आणि मी फळ्यावर लिहिलेल्या प्रत्येक उत्तराला हरकत घ्यायची.

तुमचं नाव नॉ पॉ वा. 'नॉ' हे बर्मातल्या करेन बायकांच्या नावाआधी लागतं आणि पॉ वा म्हणजे पांढरं फूल, हे तुम्हीच सांगितलंत. लगेच पुढे म्हणालात, "मला बघून कुणाला तसं वाटत नाही, ते सोड." इथल्या सेंट पॉल शहरातली सगळी करेन पोरं तुम्हाला 'फी' म्हणायची, म्हणजे आजी. माझ्या मराठी कानाला पहिले काही आठवडे शाळेची फीच ऐकू यायची. तुम्ही मात्र मला एकदाही वैशाली म्हटलं नाहीत. थ्रामू म्हणालात. थ्रामू म्हणजे शाळेतल्या बाई. माझ्या आईच्या वयाची बाई मला 'बाई' म्हणते याचा मला संकोच वाटायचा. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. शिकवते ती बाई, संपलं.

आपलं बोलणं इंग्रजीत व्हायचं. तुमचं इंग्रजी डोंगरातल्या मिशनच्या शाळेतलं, जुन्या वळणाचं. माझं परभणीहून पुण्यामार्गे अमेरिकेत आलेलं. तरी आज हे मराठीत लिहितेय. इंग्रजीत तुमच्याशी मी नेहमी वाद हरायचे.

वाचनालयातला तो शनिवारचा वर्ग आठवतो? मी स्वतः नागरिकत्वाची परीक्षा देऊन दोन वर्षं झाली होती. आता दुसऱ्यांची तयारी करून घेत होते. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मेयर म्हणजे कोण?" कुणी म्हणालं, सिटीचा बॉस. तुम्ही हात वर न करता म्हणालात, "सैनिक आले की ज्याला आधी मारतात तो."

वर्गातली म्हातारी करेन मंडळी हसली. अगदी मनापासून, डोळे पुसत हसली. मला वाटलं काहीतरी विनोद झाला, आणि मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

विनोद नव्हता हे पुढच्या महिन्यात कळलं. बर्फामुळे तुमची बस आली नाही आणि मी तुम्हाला घरी सोडायला निघाले. बर्मातल्या, थायलंडच्या सरहद्दीलगतच्या डोंगरातलं तुमचं गाव तुम्ही मला त्या गाडीत पहिल्यांदा दाखवलंत. पहिला गावप्रमुख मार खाऊन अधू झाला. दुसरा त्याच पावसाळ्यात मेला. सैनिक म्हणायचे तू बंडखोरांना भात देतोस. बंडखोर म्हणायचे तू सैनिकांना वाट दाखवतोस. मग गावाची बैठक बसली. तिसरा कोण, असं विचारलं तेव्हा सगळे पुरुष जमिनीकडे बघायला लागले. एक म्हातारी म्हणाली, बाईला करा, बाईला मारताना त्यांचा हात जरा थांबतो. आणि सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही बत्तीस वर्षांच्या होतात, पाठीला पोर बांधलेलं होतं.

"तुम्हीच का?" मी विचारलं.

"मला बर्मी बोलता यायचं. आणि मी पटकन रडत नसे."

"हात थांबला का त्यांचा?"

"जरा," म्हणालात तुम्ही आणि काचेबाहेर बघायला लागलात.

तिथून तुम्ही जिल्ह्याच्या कारभारी झालात, पुढे करेन संघटनेच्या वरच्या फळीत गेलात. सरकारशी शांततेच्या बोलण्यांना गेलेल्या मंडळात तुम्ही एकट्याच बाई होतात. एका अधिकाऱ्यानं किटली तुमच्याकडे सरकवली, सगळ्यांना चहा ओता म्हणून. तुम्ही स्वतःचा कप भरलात आणि किटली त्याच्याकडे परत सरकवलीत. ही गोष्ट चर्चमध्ये तिघांनी सांगितली. मला तुम्ही ती सांगितलीत तेव्हा शेवटी म्हणाला होतात, "चहा थंड होता. आणि त्या करारातून काही निघालं नाही." हे शेवटचं वाक्य तिघांपैकी कुणीच सांगितलं नाही.

त्या दिवशी गाडीत, तुम्ही एवढं सांगितल्यावर आपणही काहीतरी सांगावं म्हणून मी बोलून गेले, "माझी आईसुद्धा सरपंच होती. पण नावाला. राखीव जागा होती ना, म्हणून. सगळं बाबाच बघायचे, ती नुसती सह्या करायची." आमच्याकडे हे असं हसूनच सांगतात. तुम्ही हसला नाहीत.

"हे तुला कुणी सांगितलं? आईनं?"

"सगळ्यांना माहितीये."

"तिला विचारलंस?"

मी गाडी पार्क करत होते, बर्फावर चाकं सरकत होती, तिकडेच बघत राहिले.

मग नागरिकत्वाचा अर्ज भरायचा दिवस आला. तुमच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये आपण तिघी टेबलाशी बसलो होतो. तुम्ही, मी आणि तुमची नात ग्रेस. तिला तेव्हा सतरावं लागलं होतं. शाळेत 'आय ॲम करेन' म्हटलं की पोरं हसतात, आंटी, त्यांना ते एका खडूस गोऱ्या बाईचं नाव वाटतं, अशी तक्रार ती करत होती आणि तुम्हाला त्यातलं काहीच कळत नव्हतं. पानामागून पान भरत आपण 'हो की नाही' वाल्या प्रश्नांपर्यंत आलो. दारू पिता का, जुगार खेळता का, कुणाला फसवलंय का. तुम्ही मजेत 'नाही, नाही' म्हणत होतात. मग मी वाचलं की तुम्ही कधी कुणाचा छळ करण्यात, कुणाला जबरदस्तीनं कामाला लावण्यात भाग घेतलाय का.

तुमचं पेन थांबलं.

"नाही म्हणा, फी," मी म्हटलं. "ते दुसऱ्या लोकांसाठी असतं. गुन्हेगारांसाठी."

तुम्ही पेनाला टोपण लावलंत. ग्रेसला खाली दुकानातून दूध आणायला पाठवलंत. फ्रीजमध्ये दूध होतं. ती गेल्यावर तुम्ही मला पाळीची यादी सांगितलीत.

सैन्याच्या तळावरून चिठ्ठी यायची. चिठ्ठीत गुंडाळलेली एक वाळकी मिरची आणि एक बंदुकीची गोळी असायची. माणसं पाठवली नाहीत तर काय होईल, ते त्यात आलं. दारूगोळा आणि तांदूळ पाठीवर घेऊन डोंगर चढायला माणसं हवी असायची. कधी आठ, कधी बारा. वाटेत सुरुंग पेरलेले असायचे. कुणी जायचं हे ठरवायला तुम्ही घरवार पाळी लावली होती. प्रत्येक घरातून एक पुरुष, एकदा जाऊन आला की त्याचं नाव खाली. आधीच्या प्रमुखांच्या वेळी गरिबांचीच पोरं जायची. तुमच्या यादीत सगळे सारखे. गाव तुमच्यावर विश्वास ठेवायला लागलं ते त्या यादीमुळे.

एका वेळच्या पाळीत तुमच्या धाकट्या भावाचं नाव आलं होतं. त्याला ताप होता. तुम्ही त्याचं नाव खाली सरकवलंत आणि त्याच्या पुढचं घर वर घेतलंत. सॉ थेनचं. सॉ थेन गेला आणि चौथ्या दिवशी सुरुंगावर पाय पडून मेला. त्याची बायको एस्तर, दोन लहान मुलगे.

"भावाला ताप होता ना पण," मी म्हटलं.

"होता. त्या दिवशी गावात चौघांना ताप होता. त्या आठवड्यात तीन तापकरी डोंगर चढले."

मी जे कुणीही म्हटलं असतं तेच म्हटलं. तुमच्या डोक्यावर बंदूक होती, फी. तुमच्या हातात काही नव्हतं. जबरदस्ती तुम्ही केली नाहीत, तुमच्यावर झाली. माणूस मारला तो त्यांनी.

तुम्ही माझ्यावर इतक्या चिडाल असं मला वाटलं नव्हतं. आवाज चढवला नाहीत, टेबलाची कड मात्र घट्ट धरली होतीत. "थ्रामू, बंदूक त्यांची होती. यादी माझी होती. माझ्या हातात काही नव्हतं म्हणतेस, मग मी गावप्रमुख कशाची? नुसती चिठ्ठी वाचून दाखवणारी? एवढी एक गोष्ट माझ्या हातात होती आणि तिच्यात मी खोटं केलं. ते माझ्याकडून काढून घेऊ नकोस."

"मी तुम्हाला मदत करतेय."

"नाही. तू माझं ओझं उचलून कचऱ्यात टाकतेयस. ते माझं आहे."

ग्रेस दूध घेऊन आली. अर्ज तसाच पाकिटात गेला. त्यानंतर तुम्ही वर्गाला आला नाहीत. मी दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. मलाही राग आला होता. आपण एखाद्याच्या बाजूनं बोलतोय आणि तोच आपल्यावर उलटतोय, असं वाटलं की माणसाला फारच राग येतो.

ऑगस्टमध्ये तुमचाच फोन आला. हॅलो नाही, काही नाही. "थ्रामू, तुझी गाडी आयोवापर्यंत जाईल?"

एस्तर आयोवात होती. मांसाच्या कारखान्याचं छोटंसं गाव, तिथं बरीच करेन कुटुंबं कामाला गेली होती. आपल्याला चार तास लागले. दोन्ही बाजूंना मका, मग सोयाबीन, मग परत मका. तुम्ही पुढे बसला होतात, ग्रेस मागे. मी इंडियन स्टोअरमधून तुमच्यासाठी विड्याची पानं आणली होती. तुम्ही वाटभर एकही खाल्लं नाहीत तेव्हा मला तुमची भीती समजली. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर वाद घालणाऱ्या तुम्ही, चार तासांत एवढंच विचारलंत की हे सगळं सोयाबीन कोण खातं.

एस्तरचं घर लहान, पांढरं, पुढे मिरच्यांची आणि लाल अंबाडीची रोपं. दार उघडल्यावर आतून सुकटीसारखा मासळीचा दरवळ आला. ती तुमच्याहून दहा वर्षांनी लहान असेल. कारखान्यात सुरी धरून धरून तिच्या उजव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. तिनं स्वयंपाक करून ठेवला होता. ती ताटं मांडायला लागली, आणि तुम्ही बसला नाहीत. चपला काढून दाराच्या आत, चटईच्या कडेला उभ्या राहिलात आणि करेनमध्ये बोलायला लागलात.

ग्रेस माझ्या कानात भाषांतर करत होती. "ती म्हणतेय, मी आधी बोलते. मग मला तुझ्या हातचं खायला घालायचं की नाही ते तू ठरव." पुढची दोन वाक्यं तिनं सांगितली. मग ती थांबली. आजीच्या भावाच्या त्या तापाबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "आय कान्ट, आंटी." तिचा हात मी धरून ठेवला. पुढचं सगळं मी न कळता बघितलं. तुम्ही थोडंच बोललात. एस्तरनं गॅस बंद केला. ती मग बराच वेळ बोलली, मान खाली घालून, जणू बोटांना सांगत होती. एकदा तिचा आवाज चढला आणि आतल्या खोलीतून तिचा मुलगा बाहेर आला. तिनं हातानंच त्याला परत पाठवलं. मग ती उठली, गॅस पुन्हा लावला आणि भात वाढला.

ती काय म्हणाली ते परतीच्या वाटेवर तुम्ही सांगितलंत. तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून सगळ्या गावाला माहीत होतं. छावणीत ती तुमच्यापासून चार ओळी सोडून राहायची. दर नववर्षाला तुम्ही मंचावरून भाषण करायचात आणि ती मुद्दाम अगदी पुढे बसायची, तुम्हाला दिसावं म्हणून.

"आणि तुम्ही?"

"मला दिसायची. म्हणून मी लांब भाषणं करायचे. भाषण संपलं की खाली उतरावं लागतं."

गाडी चालवत होते म्हणून बरं, तुमच्याकडे बघावं लागलं नाही. मी विचारलं, "मग तिनं माफ केलं का?"

"नाही," तुम्ही म्हणालात. "जेवायला वाढलं."

आणि पहिलं पान तोंडात टाकलंत.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी आपण जात राहिलो. कधी मी, कधी ग्रेस गाडी चालवायची. दर वेळी तुम्ही दोघी भांडायचात असं ग्रेस सांगायची. दर वेळी जेवायचात.

त्या पहिल्या खेपेनंतर मी आईला फोन लावला, हे मी तुम्हाला सांगितलंच होतं. तिला विचारलं, तू सरपंच होतीस तेव्हा कधी बाबांचं ऐकलं नाहीस असं झालं का गं? आई आधी म्हणाली, आज काय नवीनच काढलंस. मग म्हणाली की पाण्याची टाकी आमच्या आळीत बांधायचा ठराव बाबांनी लिहून आणला होता. तिनं आठ दिवस सही केली नाही. खालच्या वस्तीतल्या बाया दोन मैलांवरून पाणी आणतात, टाकी तिकडं होईल, नाहीतर सही नाही. बाबा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. टाकी खाली झाली. त्या टाकीजवळून मी शाळेत जायचे, फी. ती तिथं कशी आली हे मला कधी कळलंच नाही.

"सांगितलं का नाहीस मला?"

"तू विचारलंस का कधी?" आई म्हणाली. तुमच्याच सुरात म्हणाली, म्हणून मी तुमची भेट घालून दिली. तुमच्या टेबलावर फोन उभा करून व्हिडिओ कॉल. मध्ये दुभाषी मी. आईनं नवी साडी नेसली होती, तुम्ही विणलेला लाल करेन झगा घातला होतात. दोघींनी एकमेकींना नमस्कार केला. मग आईनं विचारलं, "तुमच्या मालकांनी तुमच्या सह्या केल्या का ओ कधी?"

मी सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "माझा नवरा जंगलात लढत होता. त्याच्या सह्या मी करायचे."

आई एवढी हसली की फोन हलला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "तुम्हाला झोप लागायची का पण?"

"नाही. तुम्हाला?"

"मलाही नाही. पण माझं आठ दिवसांचंच होतं हो."

आई अजून विचारते, त्या बाई कशा आहेत. परवा तिला सांगितलं. तिनं फोन बाबांकडे दिला.

आता ज्यावरून आपलं शेवटपर्यंत पटलं नाही, ते. तुम्ही अर्ज पाठवायचं ठरवलंत आणि त्या प्रश्नाला 'हो' लिहिलंत. सोबत स्वतःच्या हातानं एक पान जोडलंत. यादी, ताप, सॉ थेन, सगळं. मी हात जोडले तुमच्यापुढे. मदतीला आलेल्या वकीलबाईंनीही सांगितलं की कायद्यानं याचं उत्तर 'नाही' असंही देता येईल, आणि हे पान जोडलं तर प्रकरण लांबेल. तुम्ही विचारलंत, "पान खरं आहे की खोटं?" वकीलबाई म्हणाल्या, खरं आहे. "मग जोड."

मुलाखतीला तुम्ही आत गेलात आणि मी बाहेर बसले. दीड तासानं बाहेर आलात. "मुलगा चांगला होता. त्यानं विचारलं, हे तुम्हाला कुणी लिहायला सांगितलं? मी म्हटलं, कुणी नाही. एकीनं तर लिहू नको म्हणून सांगितलं."

निर्णय पत्रानं कळेल म्हणाले. उन्हाळा गेला, हिवाळा गेला, दुसरा उन्हाळा आला. पत्र आलं नाही.

मध्ये आमच्या भागातली निवडणूक झाली, शाळेच्या बोर्डाची. तुम्ही म्हणालात, मला बघायचंय. मी आत गेले, तुम्ही बाहेरच्या बाकावर बसलात, मांडीवर पर्स घट्ट धरून. मी परत आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "किती वेळ लागला?"

"चार मिनिटं."

"चारच? चार मिनिटांत काय विचार केलास?"

उमेदवारांपैकी दोघांची तर मला नावंही धड आठवत नव्हती. तुम्हाला सगळ्यांची माहीत होती, कोण शाळेत दुभाषी आणू म्हणतंय तेसुद्धा. तुम्ही त्या दिवशी मला सांगितलंत की जन्मात कुठल्याही देशाच्या निवडणुकीत तुम्ही मत दिलेलं नाही. ज्या देशात जन्मलात त्यानं तुमच्या डोंगरांपर्यंत कधी पेटीच आणली नाही. ज्या देशात छावणी होती तिथं तुम्ही पाहुण्या होतात. तुम्ही हे तक्रार म्हणून सांगितलं नाहीत. पण ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आणि तेच त्या शेवटच्या बुधवारी बाहेर आलं.

तुमचं हृदय थकलं होतं, पाय सुजले होते, नाकात ऑक्सिजनची नळी होती. मी ऑफिसातून चार वाजता आले. तुम्ही विचारलंत, "पत्र?" मी म्हटलं, नाही आलं. आणि गप्प बसायचं सोडून पुढे बोलले. "एका पानापायी, फी. त्या माणसाला जाऊन तीस वर्षं झाली. त्याच्या बायकोला तुम्ही सांगितलं होतं, ते पुरेसं नव्हतं का? एका पानापायी आयुष्यात एकदा मत द्यायचं राहिलं तुमचं."

राहिलं, असं म्हटलं मी. तुम्ही समोर जिवंत असताना.

तुम्ही डोळे मिटलेत. मी पांघरूण सारखं केलं, पाण्याचा ग्लास जवळ ठेवला, म्हटलं, शुक्रवारी येते. तुम्ही मान हलवलीत की नाही ते मला आठवत नाही. गुरुवारी सकाळी ग्रेसचा फोन आला.

चर्चमध्ये भाषणं संपत आली तेव्हा एस्तर उठली. मुलाला घेऊन ती पहाटेच निघाली होती. ती माइकपाशी गेली नाही, आपल्या जागेवरच उभी राहिली. ग्रेस माझ्या शेजारी होती आणि या वेळी थांबली नाही, शब्दन्‌शब्द सांगत राहिली. एस्तर म्हणाली, तुम्ही सगळे ही बाई शूर होती म्हणता. होती. पण तिनं काय चुकीचं केलं ते ती स्वतः सांगायची, आणि आता ती नाही, म्हणून मी सांगते. नाहीतर आपण दुसऱ्याच कुणाला तरी पुरू. आणि तिनं सांगितलं. यादी, भाऊ, सॉ थेन. लोक खाली बघत होते, तुमच्या गावातल्या त्या बैठकीत बघत असतील तसेच. शेवटी ती म्हणाली, "मी हिला अजून माफ केलेलं नाही. करत आणलं होतं. ऑक्टोबरमध्ये ती येणार होती. आमचं बोलणं संपलं नव्हतं." आणि खाली बसून रडायला लागली. तुमच्यासाठी त्या दिवशी तिच्याइतकं कुणीच रडलं नाही.

बाहेर पार्किंगमध्ये मी ग्रेसला गाठलं. एस्तरचं ऐकल्यावर मला ते पोटात ठेवून घरी जाता येईना. बुधवारी मी तुम्हाला काय बोलले ते तिला सांगितलं. जसंच्या तसं, 'राहिलं' हा शब्दसुद्धा.

ग्रेसनं नाक पुसलं. आणि फी, ती हसली.

"ओ आंटी, आय नो. तुम्ही गेल्यावर मी आले ना. शी वॉज सो मॅड ॲट यू! बेड वर करायला लावला मला. नळी काढून टाकत होती, नीट बोलता येईना म्हणून. म्हणाली, शुक्रवारी थ्रामू येऊ दे. तिला दोन गोष्टी सांगायच्यात."

"कुठल्या?"

"मी विचारलं. म्हणाली, तुला नाही. तिला."

पाच दिवस मी तेच शोधतेय. पहिली गोष्ट मला येते. बंदूक त्यांची होती, यादी माझी होती, पान माझं होतं, त्याची किंमतही माझी, तू मध्ये पडू नकोस. ती तुम्ही मला सतरा वेळा सांगितलीत. अठराव्यांदाही सांगितली असतीत आणि मी अठराव्यांदाही मान्य केली नसती.

दुसरी कुठली होती, फी?